थीम पार्कचे तिकीट महागले: पुन्हा जायचे की थांबायचे, हे कसे ठरवावे

ज्यांना थीम पार्क मनापासून आवडतात, जे तेथे एकापेक्षा अधिक वेळा जाऊन आले आहेत आणि ज्यांचे बोट यंदा तिकीट घेताना शेवटच्या बटणापाशी अडखळले, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जे कधीच गेलेले नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा असतो, कारण त्यांना कुतूहलाची किंमत मोजायची असते. पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला ओळखीच्या आनंदाची किंमत मोजायची असते, आणि ती वाढत चालली की मनात दोन गोष्टींची सरमिसळ होते: खर्च झेपत नाही ही अडचण, आणि आपल्याकडून नको तितके घेतले जात आहे ही खंत. खर्च झेपत असूनही जाणे थांबवावेसे वाटू शकते आणि दर चढे असूनही जावेसे वाटू शकते. पुढचे टप्पे या दोन गोष्टी निरनिराळ्या करून निर्णयापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. त्यासाठी एक मोकळी संध्याकाळ, मागच्या सहलीच्या पावत्या आणि घरातील सर्वांची उपस्थिती एवढी तयारी पुरेशी आहे.

पहिला टप्पा: मागच्या सहलीचा पूर्ण खर्च मांडा

तिकिटाचा दर ठळक अक्षरांत समोर येतो म्हणून सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते. परंतु सहलीचा खर्च तिकिटापुरता नसतो, आणि पुष्कळदा तिकीट हा त्यातील निम्मा भागही नसतो. म्हणून प्रथम मागच्या सहलीचा सगळा खर्च एका कागदावर उतरवून काढावा. प्रवास, मुक्काम, प्रवेशाची तिकिटे, पार्किंग, रांग टाळण्यासाठी घेतलेले पास, लॉकर, आतले जेवणखाण, पाण्याच्या बाटल्या, छायाचित्रे आणि मुलांनी हट्टाने घेतलेल्या वस्तू यांपैकी काहीही वगळू नये. बँकेच्या खात्यात त्या दिवसांच्या नोंदी पाहिल्या की स्मरणातून निसटलेले आकडेही सापडतात.

उदाहरणासाठी मोठ्या माणसाचे एक दिवसाचे तिकीट १०० धरू. कोणत्याही चलनात हे प्रमाण वापरता येते. दोन मोठे आणि ९५ च्या तिकिटावरची दोन मुले, म्हणजे तिकिटांचे ३९० झाले. पार्किंगचे २०, जेवणखाणाचे १२०, लॉकरचे १०, खरेदीचे ६०, रांगेच्या पासाचे प्रत्येकी २५ प्रमाणे १००, एका रात्रीच्या मुक्कामाचे १५० आणि प्रवासाचे २०० धरले, तर एकूण बेरीज १०५० होते. यात तिकिटांचा वाटा जेमतेम ३७ टक्के आहे. आता तिकीट ८ टक्क्यांनी महागले असे समजा. सहलीचा एकूण खर्च त्यामुळे ३ टक्क्यांनीच वाढतो. उलट रांगेचा पास पूर्वी फुकट होता आणि आता विकत घ्यावा लागतो, एवढ्या एकाच बदलाने तोच खर्च १० टक्क्यांहून अधिक वाढतो. ज्या दरवाढीची बातमी होते ती आपल्या खिशाला सर्वांत जड पडलेली वाढ असेलच असे नाही, हे या मांडणीतून स्पष्ट होते. आपल्या घरचे आकडे वेगळे निघतील. ते निघाल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे वळू नये.

दुसरा टप्पा: जुन्या दराशी तुलना करताना तिकिटातून काय वजा झाले ते पाहा

‘पूर्वी किती स्वस्त होते’ हे वाक्य खरे असते, पण अपुरे असते. जुना दर आणि नवा दर शेजारी ठेवण्याआधी दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. एक महागाईची, आणि दुसरी त्या तिकिटात नेमके काय मिळत होते याची.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा मोठ्या माणसाचा प्रवेश १ डॉलरचा होता. महागाई धरून तो १ डॉलर २०२४ मधील जवळपास १२ डॉलरांइतका होतो. त्याच उद्यानात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलरांवर पोहोचले. एवढे वाचले तर दर सतरापट झाला असे वाटते. मात्र १९५५ चा तो डॉलर आत पाऊल ठेवण्यापुरता होता आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे पडत. त्याच वर्षी कूपनांच्या पुस्तिका आल्या. त्यांत ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा श्रेणी होत्या, पुढे ‘डी’ आली आणि १९५९ मध्ये सर्वांत मोठ्या आकर्षणांसाठी ‘ई’ श्रेणी आली. डिस्नेचेच फ्लोरिडातील मॅजिक किंगडम हे उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले, तेव्हाही साडेतीन डॉलरांच्या प्रवेशावर राइडची कूपने वेगळी घ्यावी लागत. १९८२ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली आणि एका तिकिटात सगळ्या राइड हव्या तितक्या वेळा, अशी आज आपल्याला नैसर्गिक वाटणारी पद्धत रूढ झाली.

प्रवेश स्वस्त आणि राइड महाग ठेवावी की प्रवेश महाग आणि राइड फुकट ठेवावी, हा प्रश्न अर्थतज्ज्ञ वॉल्टर ओय यांनी १९७१ मध्ये डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊन मांडला होता. आज आपण जे अनुभवतो ते या दोन्ही पर्यायांचे मिश्रण आहे. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला. ठरावीक वेळेला परत येऊन छोट्या रांगेतून जाण्याची ती सोय तिकिटाबरोबर फुकट मिळत होती. २०२१ मध्ये तिची जागा पैसे भरून घ्यायच्या सोयीने घेतली, आणि सर्वाधिक मागणीच्या काही राइडसाठी तर वेगळे पैसे आकारले जाऊ लागले. म्हणजे प्रवेश महाग झालाच, शिवाय कूपनांची जुनी पद्धत दुसऱ्या रूपाने परत आली. फरक इतकाच की त्या काळी राइडचे पैसे भरावे लागत, आता वाट न पाहण्याचे भरावे लागतात. नेहमी जाणाऱ्यांच्या मनातली खंत मला रास्त वाटते ती याच कारणासाठी. दर वाढण्यापेक्षा, हातात असलेली गोष्ट काढून घेऊन ती पुन्हा आपल्यालाच विकली जाणे मनाला अधिक लागते.

या टप्प्यावर करायचे काम सोपे आहे. आपण पहिल्यांदा गेलो त्या वर्षी तिकिटात काय काय मिळत होते आणि आज काय मिळते, याच्या दोन याद्या कराव्यात. त्यांत नव्याने आलेल्या गोष्टीही प्रामाणिकपणे लिहाव्यात. नवे विभाग, अधिक प्रगत राइड, रात्रीचे खेळ हेही त्याच पैशांतून उभे राहिलेले असतात. डिस्नेने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या उद्याने व जहाजसफरींच्या विभागात १० वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याची योजना जाहीर केली. अशा गुंतवणुकीची वसुली तिकिटांतूनही होणार, हे उघड आहे. प्रश्न हा आहे की त्या नव्या गोष्टींपैकी आपण कितींचा लाभ घेतो. याद्या शेजारी ठेवल्यावर वजा झालेल्या गोष्टी आपल्या रोजच्या उपयोगाच्या आणि नव्या गोष्टी आपल्या आवडीबाहेरच्या निघाल्या, तर नाराजीचे कारण नेमके कळते.

तिसरा टप्पा: तारखेचा दर समजून घ्या

आता एका उद्यानाला एकच दर राहिलेला नाही. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांनी २०१६ मध्ये एक दिवसाच्या तिकिटांसाठी गर्दीनुसार तीन दर आणले. फ्लोरिडात २०१८ पासून तिकीट तारखेवर अवलंबून झाले. टोकियो डिस्नेलँडने २०२१ मध्ये बदलते दर स्वीकारले आणि ऑक्टोबर २०२३ पासून तेथील एक दिवसाचे तिकीट तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन असे झाले. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सर्वांत स्वस्त दिवसाचे तिकीट २०१९ पासून पुढची काही वर्षे १०४ डॉलरांवर स्थिर राहिले आणि याच काळात सर्वांत महाग दिवस २०० डॉलरांच्या पुढे गेला. अर्थात १०४ च्या तारखा वर्षभरात अगदी थोड्या असतात.

यामागे दोन हेतू असतात. गर्दीच्या दिवशी अधिक पैसे मिळवणे हा एक, आणि जे दिवस हलवू शकतात त्यांना रिकाम्या दिवसांकडे वळवणे हा दुसरा. दुसऱ्या हेतूचा लाभ आपण घेऊ शकतो, कारण महाग दिवस हाच गर्दीचाही दिवस असतो. त्या दिवशी जाणारा माणूस अधिक पैसे भरून कमी राइड मिळवतो. पुढील वर्षभराचे दरपत्रक उघडून आपल्याला जमतील अशा तारखांवर खूण करावी. शाळकरी मुले असलेल्यांना हे कठीण जाते, कारण शाळांच्या सुट्ट्या आणि चढे दर एकाच वेळी येतात. तरीही सुट्टीचा पहिला किंवा शेवटचा आठवडा, आठवड्याचा मधला वार आणि मोठ्या सणाला लागून नसलेले दिवस तपासून पाहावेत.

खूण केलेल्या तारखांपैकी एकही आपल्याला जमण्यासारखी नसेल, तर ‘तिकीट अमुकपासून सुरू’ हा जाहिरातीतला आकडा आपल्यापुरता अस्तित्वात नाही असे समजावे आणि हिशेबात चढा दरच धरावा. नव्या दरांची वेळही लक्षात ठेवावी. डिस्नेच्या अमेरिकी उद्यानांची दरवाढ अलीकडच्या वर्षांत साधारणपणे ऑक्टोबरमध्ये जाहीर होत आली आहे. जायचे पक्के असेल तर त्याआधी तिकीट घेणे हिताचे. जायचे पक्के नसेल तर मात्र दर वाढेल या धास्तीने तिकीट घेऊन ठेवू नये, कारण घाईत घेतलेले तिकीट पुढचे सगळे निर्णय आपल्या वतीने घेऊन टाकते.

चौथा टप्पा: कोण कशासाठी जातो ते वेगवेगळे विचारा

कुटुंब एकत्र बसवून ‘जायचे का’ असे विचारले की सर्वांत उत्साही व्यक्तीचे उत्तर सर्वांचे उत्तर होते. म्हणून प्रत्येकाला वेगळे विचारावे आणि प्रश्नही वेगळा असावा: मागच्या वेळच्या कोणत्या तीन गोष्टी पुन्हा कराव्याशा वाटतात आणि कोणत्या तीन नकोत? उत्तरे लिहून घ्यावीत. मोठ्यांनीही आपली उत्तरे लिहावीत, कारण आईवडील पुष्कळदा मुलांच्या नावाखाली स्वतःच्या लहानपणासाठी जातात. त्यात गैर काहीच नाही, फक्त ते कागदावर यायला हवे. आजीआजोबा बरोबर येत असतील तर त्यांनाही विचारावे, आणि ते ‘तुमच्या आनंदात आमचा आनंद’ असे म्हणाले तर दिवसभरात बसायला सावली कुठे मिळाली होती, किती चालावे लागले होते, हे विचारावे.

मुलांच्या बाबतीत वय आणि उंची या दोन गोष्टींवर पैशांचे गणित थेट अवलंबून असते. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत ३ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, ३ ते ९ वर्षांच्या मुलांना थोडे कमी दराचे तिकीट लागते आणि १० व्या वर्षापासून पूर्ण दर लागू होतो. राइडची अट मात्र वयाची नसून उंचीची असते. बहुतेक मोठ्या राइडना १०२, ११२ किंवा १२२ सेंटीमीटर अशा पायऱ्या असतात. परिणामी ३ ते ५ वर्षांच्या मुलासाठी जवळपास पूर्ण दर द्यावा लागतो आणि बऱ्याच मोठ्या राइड त्याला बंद असतात. लहानग्यांसाठीचे विभाग आणि मिरवणुका त्याला आवडतातच, परंतु त्यासाठी सर्वांत महाग उद्यानाची आवश्यकता नसते. माझे स्पष्ट मत असे आहे की घरातील धाकटे मूल या वयात असेल, तर खर्चाचा ताण असलेल्या कुटुंबाने दोन वर्षे थांबावे. ते ११२ सेंटीमीटरच्या पुढे गेले की त्याच तिकिटात मिळणारी उद्यानाची व्याप्ती कितीतरी वाढते. मुलाची उंची घरी बूट घालून मोजावी आणि ती उद्यानाच्या यादीशी ताडून पाहावी. रांगेच्या टोकाशी पोहोचून परत फिरलेल्या मुलाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला या मोजमापाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

पाचवा टप्पा: आनंदाचे तास मोजा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

मागच्या सहलीत मी एक छोटी वही खिशात ठेवली आणि प्रत्येक गोष्टीची वेळ टिपत गेलो. आम्ही आत ११ तास होतो. त्यात ९ राइड झाल्या. राइडच्या आसनावर प्रत्यक्ष बसलेला वेळ ३१ मिनिटे भरला. रांगांत ५ तास १० मिनिटे गेली, जेवणात १ तास २० मिनिटे, खेळ व मिरवणूक पाहण्यात सव्वा तास, आणि उरलेले पावणेतीन तास चालण्यात, स्वच्छतागृहांच्या वाटा शोधण्यात व सावलीत टेकण्यात गेले. ३१ मिनिटांचा आकडा पाहून मला प्रथम धक्का बसला. मात्र नंतर घरच्यांशी बोलताना लक्षात आले की तो आकडा चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होता. मोठा रोलरकोस्टर दोन-तीन मिनिटांतच संपतो, तो तितकाच असायला हवा. खरा प्रश्न हा की ११ तासांपैकी कोणते तास आम्हाला पुन्हा हवे होते.

म्हणून आम्ही दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडले आणि प्रत्येकाने आपापल्या भागांवर खूण केली: हा हवाहवासा, हा चालेल, हा नको. सकाळचा पहिला दीड तास सर्वांनी हवाहवासा म्हणून निवडला. उद्यान उघडताना आत गेल्यामुळे त्या वेळेत ९ पैकी ४ राइड झाल्या होत्या. दुपारी १ ते ४ या वेळेवर चौघांनीही नकोची खूण केली. ऊन होते, रांगा लांब होत्या आणि चिडचिड झाली होती. रांगेतला एक पाऊण तास मात्र मुलीने हवाहवासा ठरवला, कारण त्या वेळात आम्ही दोघे निवांत बोललो होतो. माझे चांगले, म्हणजे हवेहवेसे, तास ४ भरले, तिचे ७.

आता पहिल्या टप्प्यातला खर्च येथे आणावा. एकूण १०५० चे चार भाग केले की माणशी सुमारे २६२ येतात. ४ चांगले तास मिळाले असतील तर तासाला ६५ पडले, ७ मिळाले असतील तर ३७. एकाच दिवसाची किंमत दोन माणसांना इतकी वेगळी पडू शकते. हा आकडा इतर ठिकाणी घालवलेल्या दिवसांशी ताडून पाहावा. डोंगरावरची सहल, पोहायचा तलाव, एखादे नाटक, नातेवाइकांकडचा मुक्काम यांपैकी आपल्या घरी जे जे आवडते त्याचा चांगल्या तासामागे येणारा खर्च काढावा. थीम पार्क महागच निघेल, यात शंका नाही. किती पट महाग, आणि तेवढे अंतर भरून काढण्याइतका तो दिवस वेगळा होता का, हे आपण ठरवायचे आहे. माझ्या अनुभवात तिप्पट असेल तर मन राजी होते, सहापट झाली की होत नाही. प्रत्येक घराची ही मर्यादा निराळी असेल.

वही ठेवलेली नसेल तर फोनमधील छायाचित्रांच्या वेळा पाहून दिवसाचा बराचसा क्रम परत उभा करता येतो.

सहावा टप्पा: वाढीव पास खरोखर हवा आहे का

रांग टाळण्याच्या पासाची किंमत दिवसागणिक बदलते आणि गर्दीच्या दिवशी ती तिकिटाच्या पाव भागाच्याही पुढे जाऊ शकते. तो घेण्याआधी, त्याने वाचणारा वेळ चांगल्या तासांत रूपांतरित होणार आहे का, हे पाहावे. दिवसभर आठ-दहा मोठ्या राइड करू इच्छिणाऱ्या तरुण मंडळींना तो उपयोगी पडतो. लहान मुलांबरोबर, जेथे थांबत थांबतच फिरायचे असते, तेथे त्याचा बराच भाग वाया जातो, शिवाय दिवसभर फोनमध्ये पुढची वेळ शोधण्याचे काम एका मोठ्या माणसाच्या मागे लागते.

त्याआधी फुकटच्या सोयी वापरून पाहाव्यात. उद्यान उघडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दारापाशी असणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रात्रीच्या मिरवणुकीच्या वेळी आणि बंद होण्याआधीच्या तासात मोठ्या राइडच्या रांगा आखूड होतात. एकेकट्या माणसाने रिकामी आसने भरण्यासाठी काही राइडना वेगळी रांग असते, ती वेगाने सरकते. मुलाची उंची कमी असल्यास एक पालक मुलाजवळ थांबतो आणि दुसरा राइड करून परतल्यावर थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडले जाते, ही सोयही अनेक मोठ्या उद्यानांत आहे. राइडच्या दारावरील कर्मचाऱ्याला ती विचारावी लागते.

सातवा टप्पा: अनेक दिवसांचे तिकीट आणि वार्षिक पास

अनेक दिवसांच्या तिकिटात प्रत्येक वाढीव दिवस स्वस्त होत जातो. समजा १ दिवसाचे १००, २ दिवसांचे १९०, ३ दिवसांचे २७० आणि ४ दिवसांचे ३२० आहेत. तिकीट काढताना चौथा दिवस ५० मध्ये मिळतो आहे असे दिसते आणि तो घेतला जातो. चौघांचे तिकिटाचे २०० होतात, त्यात आणखी एका रात्रीच्या मुक्कामाचे १५० आणि जेवणखाणाचे १२० मिळवले की चौथा दिवस ४७० ला पडतो. पाचव्या टप्प्यातील खुणा येथे पुन्हा पाहाव्यात. थकलेल्या पायांनी काढलेल्या चौथ्या दिवसात चांगले तास पहिल्या दिवसाइतके नसतात. सरासरी दर न पाहता वाढीव दिवसाचा संपूर्ण खर्च पाहावा, एवढी एकच सवय लावून घेतली तरी पुष्कळ पैसे वाचतात.

वार्षिक पासाचे गणित वरवर सोपे आहे: पासाची किंमत भागिले एका दिवसाचे तिकीट. उत्तर ४ आले तर चार भेटींत पास वसूल होतो. परंतु भागाकार करताना आपण ज्या दिवसांना खरोखर गेलो असतो त्यांचाच दर धरावा. पास चालत नाही असे दिवस बहुधा सुट्टीचे व सणांचे असतात, आणि स्वस्त पासात ते अधिक असतात. काही ठिकाणी पास असूनही दिवस आधी राखून ठेवावा लागतो. मागील दोन वर्षांत आपण किती वेळा गेलो तो आकडा घ्यावा, पुढील वर्षी जाऊ अशी आशा असलेला आकडा घेऊ नये. पास असल्यामुळे झालेल्या वाढीव भेटींत जेवण, इंधन आणि खरेदीचा खर्च होतच असतो, त्यामुळे पास वसूल झाला तरी वर्षाचा एकूण खर्च वाढलेला असू शकतो. पासाचे नियम कायमचे नसतात, हेही ध्यानात असावे. डिस्नेलँडने आपली जुनी वार्षिक पासाची योजना जानेवारी २०२१ मध्ये बंद केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निराळ्या अटींची नवी योजना आणली. पास मासिक हप्त्यांवर असेल आणि आपोआप नव्याने सुरू होणार असेल, तर तो बंद करण्याची शेवटची तारीख आजच दिनदर्शिकेत लिहावी.

सवलतीच्या तिकिटांबाबत एकच सूचना. उद्यानाने स्वतः अधिकृत म्हणून जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच तिकीट घ्यावे. कोणाच्या तरी अनेक दिवसांच्या तिकिटावर उरलेले दिवस स्वस्तात विकत घेऊ नयेत, कारण अशी तिकिटे साधारणपणे हस्तांतरित करता येत नाहीत आणि दारावर अडवले गेल्यास पैसे परत मिळत नाहीत.

आठवा टप्पा: निर्णय

आता समोर चार कागद आहेत: पूर्ण खर्च, तिकिटात झालेला बदल, प्रत्येकाच्या इच्छा आणि चांगल्या तासाचा दर. नवे दर पाहण्याआधी घरातील सर्वांनी मिळून एकूण खर्चाची कमाल मर्यादा लिहावी. ही मर्यादा तिकिटाची नसून संपूर्ण सहलीची असावी आणि ती कर्ज किंवा हप्ते न काढता भरता यावी. नंतर नवा हिशेब करावा.

मर्यादेच्या आत बसत असेल आणि चांगल्या तासाचा दर मान्य असेल, तर निःशंक मनाने जावे. इतरांनी दरवाढीचा निषेध म्हणून जाणे सोडले आहे, एवढ्यावरून आपणही सोडावे असे नाही. खर्च मर्यादेबाहेर जात असेल पण ओढ कायम असेल, तर जाण्याचे अंतर वाढवावे. दरवर्षीची सहल दर तीन वर्षांनी केली, तर मधल्या काळात मुलांची उंची वाढते, उद्यानात नवे काही उभे राहते आणि तीन वर्षांच्या बचतीत स्वस्त तारखेचा मुक्काम आरामात बसतो. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत समाधानकारक वाटला आहे. सहल छोटी करणे हा दुसरा उपाय आहे. तीन दिवसांऐवजी एकच दिवस, पण पहाटेपासून, आणि दुपारच्या नकोशा तासांत बाहेर येऊन विश्रांती, अशी रचना केल्यास चांगल्या तासांची संख्या फारशी घटत नाही.

खर्च झेपतो, पण याद्यांमध्ये वजा झालेल्या गोष्टीच डोळ्यांत भरतात आणि दिवसभर मन तुलना करत राहते, अशी स्थिती असेल तर थांबावे. अशा मनःस्थितीत गेलेला माणूस बरोबरच्यांचेही तास बिघडवतो. थांबण्याआधी उद्यानाला आपले कारण लिहून कळवावे, विशेषतः वार्षिक पास सोडताना येणाऱ्या प्रश्नावलीत. ‘महाग’ एवढेच न लिहिता कोणती सोय काढल्यामुळे जाणे थांबवले ते नेमके लिहावे.

थांबायचे ठरल्यास त्या दिवसांची जागा रिकामी ठेवू नये. चौथ्या टप्प्यात प्रत्येकाने लिहिलेल्या तीन आवडत्या गोष्टी येथे कामी येतात. वेगाची हौस असलेल्याला केवळ रोलरकोस्टरसाठी प्रसिद्ध असलेले छोटे उद्यान किंवा फिरती जत्रा पुरते, मिरवणूक आणि रोषणाई आवडणाऱ्याला एखादा उत्सव पुरतो, आणि ज्याला सर्वांनी दिवसभर एकत्र असणे आवडले होते त्याला ठिकाणाची अट फारशी नसतेच.

मुलांना हा निर्णय सांगताना ‘आता परवडत नाही’ असे एका वाक्यात उरकू नये. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला खर्चाचा कागद दाखवता येतो. कोणत्या ओळी गाळल्या तर बेरीज मर्यादेत येईल, हे त्याला शोधू द्यावे. आमच्या मुलीने खरेदीची ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि सकाळच्या दीड तासाभोवती गोल काढला. तो कागद आम्ही जपून ठेवला असून पुढच्या दरपत्रकाच्या वेळी तोच पुन्हा समोर घेऊन बसणार आहोत.